‘त्याच्या मनात आलं पाहिजे’

दारूच्या प्रश्नावर आपल्याकडे एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे : ‘त्याच्या मनात आलं पाहिजे.’ बायको थकून म्हणते, सासू तिची समजूत घालताना म्हणते, सरपंच सभेत म्हणतात, आणि बाहेर चाळीस पेशंट ताटकळत असताना डॉक्टरही हेच म्हणून पुढच्याला हाक मारतात. हे वाक्य इतकं अंगवळणी पडलं आहे की ते एक मत आहे आणि ते तपासून पाहता येतं, हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. माझं म्हणणं असं की हे वाक्य कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करतं, आणि त्या अदलाबदलीपायी माणसं मरतात.

काशीदसारख्या गावात तर ही तपासणी फार गरजेची आहे. अलिबाग-मुरुड रस्त्यावरचं हे गाव. एका अंगाला फणसाडचं जंगल, दुसऱ्या अंगाला पांढरी वाळू. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या सुरूच्या झाडांखाली लागतात. पाहुण्यांची दारू दोन दिवसांची असते. सोमवारी ते कामावर हजर असतात. त्यांना बर्फ, सोडा आणि तळलेले मासे आणून देणारा, त्यांच्या खोल्या आवरणारा, घोडागाडी हाकणारा माणूस मात्र तिथेच राहतो. दारू त्याच्या कामाच्या जागीच असते, आणि बाटलीत उरलेली असेल तर फुकट असते. पावसाळ्यात पर्यटक ओसरतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आसपासच्या कोळीवाड्यांतही हाताला काम नसतं. या माणसाला ‘मनात आण’ असं सांगून आपण मोकळे होतो.

आधी समोरच्या पक्षाचं बळ मान्य करू, कारण ते मत अडाणीपणातून आलेलं नाही. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या आणि १९५७मध्ये मुंबईत पोचलेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’मध्ये सभासद व्हायला एकच अट आहे : दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, जात नाही, धर्म नाही, फक्त इच्छा. या सभांनी जगभर असंख्य माणसं उभी केली आहेत. शिवाय प्रत्येक गावात असा एक जण असतोच, की ज्याने गळ्यात तुळशीची माळ घातली आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही. आमच्या रायगडात तर याहून मोठं उदाहरण आहे. काशीदहून अलिबागकडे निघालं की साळावचा पूल ओलांडताच रेवदंडा लागतं. नानासाहेब धर्माधिकारींचं हे गाव. त्यांनी सुरू केलेल्या बैठकांत दासबोधाचं निरूपण ऐकून ज्यांची दारू सुटली, अशी घरं या पट्ट्यात गावोगाव भेटतात. तेव्हा मनाने ठरवलं की सुटतं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते नाकारून चालणार नाही.

प्रश्न असा आहे की त्यांनी जे पाहिलं, त्याचा अर्थ त्यांनी बरोबर लावला का?

शरीरापासून सुरुवात करू, कारण मनाच्या गप्पांत ते नेहमी राहून जातं. या किनाऱ्यावरच्या बंदरांतून बोटी काही दिवसांसाठी समुद्रात जातात. समजा, त्यातला एक खलाशी वर्षानुवर्षं रोज पिणारा आहे. निघताना घेतलेली बाटली पहिल्या रात्री संपते. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, जाळं ओढताना दरदरून घाम फुटतो, पोटात अन्न ठरत नाही. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांच्या अवधीत त्याला आकडी येऊ शकते. तिसऱ्या दिवशी त्याला अंगावर किडे चालताना दिसू लागतात, पाण्यातून कुणी नावाने हाका मारतंय असं ऐकू येतं. आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही, आणि धरायला गेलं तर तो झटापट करतो. तांडेल म्हणतो, याला काहीतरी लागलं. वैद्यकात याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. रोजच्या दारूने मेंदूला सतत दाबून धरलेलं असतं आणि मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावून आपलं काम चालवत असतो. दाब एकाएकी निघाला की तो जोर आवरत नाही. उपचार झाले नाहीत तर या अवस्थेत मृत्यू येऊ शकतो. उपचार मात्र साधे आहेत, जुने आहेत आणि स्वस्त आहेत : डायझेपाम किंवा लोराझेपामसारखी औषधं मोजून-मापून देऊन दिवसागणिक कमी करत न्यायची, आणि जोडीला थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व.

या खलाशाची दारू संपली म्हणून थांबली. पण आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेणाऱ्याचीही तशीच एकाएकी थांबते, आणि शरीराला दोघांतला फरक कळत नाही. म्हणजे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने खरोखरच मनावर घेतलं आणि कुणाला न विचारता एका रात्रीत सोडली, तर त्याचा निर्धार जितका पक्का तितका त्याच्या जिवाला धोका जास्त. आपण त्याला नेमकं हेच करायला सांगत असतो. तिसऱ्या दिवशी तो बरळू लागला की घरचे घाबरून थोडी पाजतात, थरथर थांबते, आणि सगळे म्हणतात : बघा, दोन दिवससुद्धा राहवलं नाही. मनाचा पराभव म्हणून ज्याची नोंद होते, तो पुष्कळदा न झालेल्या उपचाराचा परिणाम असतो. गावात अशा वेळी दुसरा उपाय म्हणजे ‘सलाईन लावा’. वर्षानुवर्षं नीट न जेवलेल्या माणसाच्या अंगात थायमिन उरलेलं नसतं. त्याला आधी थायमिन न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर वेर्निके नावाचा मेंदूचा विकार उफाळू शकतो आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. हे प्रत्येक डॉक्टरने शिकलेलं असतं. ‘बेवडा आहे’ असं म्हटलं की शिकलेलं आठवेनासं होतं, एवढंच.

आता मनाकडे वळू. इच्छा आधी आणि उपचार नंतर, हा क्रम कुणी ठरवला? १९८३ साली विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. तोवर व्यसनी माणूस सत्य नाकारतो, म्हणून त्याला तोंडावर सुनावून ते मान्य करायला लावलं पाहिजे, असा व्यवसायातला रिवाज होता. मिलरने दाखवलं की हा नकार पुष्कळदा सुनावण्यातूनच तयार होतो. पुढे १९९३मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजून पाहिलं : समुपदेशक जितका जास्त अंगावर गेला, तितका तो रुग्ण पुढच्या वर्षात जास्त प्यायला. जवळजवळ प्रत्येक पिणाऱ्याच्या मनात सोडावी आणि सोडू नये या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असतात. आपण ‘सोड’ची बाजू घेऊन भांडायला लागलो की त्याच्या वाट्याला ‘सोडू नये’ची वकिली उरते. आणि माणूस आपल्याच तोंडून जे ऐकतो त्यावर त्याचा विश्वास बसत जातो.

‘दारू सोडा, नाहीतर मराल,’ असं म्हटलं की उत्तर येतं, ‘माझा बाप पीत होता साहेब, ऐंशी वर्षं जगला.’ तिथे बोलणं संपतं. त्याऐवजी विचारावं, ‘संध्याकाळी घेतल्यावर बरं काय वाटतं?’ तो सांगतो, पाठ दुखायची थांबते, झोप लागते. ‘आणि नको ती, असं कधी वाटतं?’ थोडं थांबून तो म्हणतो, ‘मी घरात असलो की पोरगी शाळेतून आल्यावर थांबत नाही, शेजारी जाते.’ ज्या इच्छेची आपण दाराशी वाट पाहत होतो ती हीच आहे. ती आत होती. कुणीतरी विचारावं लागलं, आणि विचारायची एक रीत असते, ती शिकता येते.

ती कोण शिकू शकतं, याचा उत्तम पुरावा आपल्या शेजारी गोव्यात आहे. विक्रम पटेल आणि अभिजित नाडकर्णी यांच्या ‘संगाथ’ संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आले. धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले. उरलेल्यांना त्याखेरीज जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन दिलं. ते देणारे ना डॉक्टर होते ना मानसशास्त्रज्ञ. ती प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, इतरांत हे प्रमाण २६ टक्के होतं. आधीच्या दोन आठवड्यांत अजिबात न प्यायलेले ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात १८ टक्के. वर्षानंतरही फरक टिकून होता. हे पुरुष ‘मला दारू सोडवा’ म्हणत आलेले नव्हते. आरोग्य केंद्रात त्यांना दहा प्रश्न विचारले गेले आणि त्यातून ते सापडले.

या चाचणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जे पीत राहिले त्यांच्या रोजच्या प्रमाणात या समुपदेशनाने फरक पडला नाही. शिवाय ज्यांना दारूवाचून थरथर सुटते असे पूर्ण अवलंबून असलेले लोक यात नव्हते. त्यांना औषधं आणि डॉक्टर लागतातच. पण मूळ मुद्दा यातून सिद्ध होतो : इच्छा नसलेल्या माणसापर्यंत उपचार नेले, तर त्यांतल्या पुष्कळांत इच्छा तयार होते.

गंमत अशी की ‘मनात आलं पाहिजे’ म्हणणारी घरंच नेमकं याच्या उलटही वागत असतात. एसटी स्टँडच्या भिंतीवर आणि पेपरच्या छोट्या जाहिरातींत ‘पिणाऱ्याला न कळत दारू सोडवा’ असं औषध विकलं जातं, आणि ते भाजीत कालवून दिलं जातं. अशा पुडीत काय असतं याचा भरवसा नसतो. आणि डायसल्फिराम हे खरं औषध चोरून दिलं, तर ते अघोरी आहे. १९४८मध्ये डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन यांनी पुढे आणलेलं हे औषध दारूचं शरीरातलं विघटन अर्ध्यावर रोखतं. वर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. क्वचित माणूस दगावतो. परिणाम शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला माहीतच नाही तो पिणारच. माहिती देऊन, संमती घेऊन, घरच्या कुणाच्या देखरेखीखाली घेतलं तर हेच औषध निवडक रुग्णांना चांगलं उपयोगी पडतं. एकीकडे सगळं त्याच्या मनावर सोडायचं आणि दुसरीकडे त्याच्या मनाला पत्ताच लागू द्यायचा नाही, या दोन टोकांमध्ये जे असतं त्याला उपचार म्हणतात, आणि तेवढंच आपण करत नाही.

तिसरा रस्ता म्हणजे ‘टाका केंद्रात’. ‘टाका’ हेच क्रियापद वापरलं जातं. इथे मी सगळ्या केंद्रांविरुद्ध बोलत नाही. पुण्याचं मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालं. डॉ. अनिता अवचट तिथे मनोविकारतज्ज्ञ होत्या. अनिल अवचटांनी गर्दुल्ल्यांवर लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले, त्यातून ते उभं राहिलं. स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथे समुपदेशक म्हणून उभी राहिली, घरच्यांनाही उपचारात घेतलं गेलं, आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावा हा उपचाराचाच भाग मानला गेला. मात्र गाडी पाठवून माणूस उचलून नेणारी, महिनोन्‌महिने कोंडणारी आणि ‘इच्छाशक्ती वाढवतो’ म्हणत मारणारी ठिकाणंही आपल्या राज्यात आहेत. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाला आपल्या कक्षेत घेतो. साखळीने बांधायला तो मनाई करतो. संमतीवाचून दाखल करायचं तर मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि तेही पहिल्यांदा ३० दिवसांपुरतंच. हे घरच्यांना कुणी सांगत नाही.

पण चांगल्या केंद्राच्या बाबतीतही एक अडचण उरते. ती लक्षात येण्यासाठी व्हिएतनामकडे पाहावं लागेल. १९७१च्या सुमारास तिथल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळपास २० टक्के हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला. तिकडे व्यसनी असलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले जेमतेम ५ टक्के निघाले. मनोबलवादी म्हणतील : बघा, मनात आणलं आणि सुटलं. पण तेवढ्या सगळ्यांच्या मनात एकदम कसं आलं? बदलली होती ती जागा. ते युद्ध, त्या छावण्या, ते सोबती आणि तो स्वस्त माल, सगळं हजारो मैल मागे राहिलं होतं. आमच्या माणसाचं याच्या नेमकं उलट होतं. तो महिनाभर पुण्याला जातो, तिथे बरा राहतो, आणि मग त्याच टपरीवर, त्याच बर्फाच्या पेटीशेजारी, त्याच मित्रांत परततो. मेंदूने ज्या वासाशी, ज्या वेळेशी, ज्या माणसांशी दारू जोडून ठेवली आहे, ते सगळं काशीदला जागच्या जागी असतं. म्हणून उपचाराचा अवघड भाग केंद्रात नसतो. तो गावात, परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात असतो, आणि तिथे त्याच्याजवळ कुणीच नसतं.

आता बैठकीकडे पुन्हा पाहू. तिथे दारू सुटते हे खरं. पण तिथे होतं काय? ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ओळखीच्या माणसांत जाऊन बसायचं. आठवडा चुकला तर कुणीतरी विचारतं. माणसाला दारुड्याऐवजी श्रीसदस्य ही नवी ओळख मिळते. घरचेही बरोबर येतात. पिणाऱ्यांच्या कोंडाळ्याबाहेर त्याला नवी सोबत मिळते, आणि हे महिनोन्‌महिने नव्हे, वर्षानुवर्षं चालतं. माळकऱ्याचं तेच. माळ घातलेल्याला कुणी आग्रह करत नाही, आणि आषाढीची वारी, एकादशी, भजन यांत त्याचं वर्ष बांधलेलं असतं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेतही तेच घडतं. लोकांनी यात फक्त निर्धार पाहिला. मला यात दीर्घ मुदतीचा, गावातच मिळणारा, फुकट पाठपुरावा दिसतो. ज्या वैद्यकाने हे द्यायला हवं होतं त्याने दिलं नाही, म्हणून श्रद्धेने दिलं. तेव्हा ही उदाहरणं ‘मनात आलं पाहिजे’ या मताची साक्ष देत नाहीत. ती त्याच्या विरुद्ध जातात. ज्याला बैठकीत जायचं नाही, ज्याचा धर्म वेगळा आहे, जो देव मानत नाही, त्यालाही हीच सोबत मिळण्याचा हक्क आहे.

‘पण पुन्हा प्यायलाच ना?’ हा शेवटचा आक्षेप, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच सोडून दिली जातात. २०००मध्ये मॅकलेलन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात व्यसनाची तुलना मधुमेह, रक्तदाब आणि दम्याशी केली. उपचारानंतर वर्षभरात पुन्हा व्यसनाकडे वळणारे ४० ते ६० टक्के, आणि रक्तदाब किंवा दमा पुन्हा बिघडणारे ५० ते ७० टक्के. गोळ्या सोडून बीपी वाढवून घेतलेल्या काकांना आपण ‘तुमच्या मनातच नाही’ म्हणून घरी पाठवत नाही, गोळी पुन्हा सुरू करतो. दारूची ओढ कमी करणारी औषधंही आहेत : नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. २०१४च्या एका मोठ्या आढाव्यानुसार अकॅम्प्रोसेट १२ जणांना दिलं तर एरवी पुन्हा प्यायला लागला असता असा एक जण वाचतो. १२त १ हे कुणाला थोडं वाटेल. रोजच्या वापरातली कितीतरी नावाजलेली औषधं यापेक्षा कमी फळ देतात, आणि ती लिहून देताना कुणाचा हात अडखळत नाही.

याचा अर्थ ‘आजार आहे, त्याचा काय दोष’ असा मी लावत नाही. बायकोवर हात उचलणाऱ्याला आजाराचं पांघरूण मिळू नये. गोळी त्यालाच गिळायची आहे आणि टपरीवर ‘नको’ त्यालाच म्हणायचं आहे. पण मधुमेह्यालाही पथ्य स्वतःच पाळावं लागतं, म्हणून आपण इन्सुलिनला कुलूप लावत नाही.

आज स्थिती अशी आहे. दिल्लीच्या एम्सच्या व्यसन उपचार केंद्राने २०१९मध्ये देशभराची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते, आणि १८०पैकी एकाला दाखल होऊन उपचार मिळतात. म्हणजे उरलेल्या ३७ जणांच्या मनात काय होतं हे कुणी विचारलेलंच नाही. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ने तालुक्याला व्यसन उपचार क्लिनिक आणि गावात शिबिरं चालवून दाखवली आहेत. रायगडात सुरुवात करायला नवीन इमारत लागत नाही. तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई घरोघर जाऊन आजही भरते. त्यात तंबाखू आणि कमरेच्या घेराबरोबर ‘रोज दारू घेता का?’ हाही प्रश्न आहे. ‘हो’ म्हटलं की एक गुण मिळतो. गुण चारच्या वर गेले तर बीपी आणि साखर तपासायला अग्रक्रमाने बोलावलं जातं. दारूसाठी म्हणून तिथून पुढे रस्ता नाही.

तो रस्ता आशाताईच्या डोक्यावर टाकून बांधता येणार नाही, तिच्या मानधनात आधीच पुष्कळ कामं कोंबलेली आहेत. गोव्यातही हे काम त्यासाठीच नेमलेल्या आणि शिकवून तयार केलेल्या माणसांनी केलं. त्यांच्या रुग्णांशी झालेल्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण सहकारी एकत्र बसून ऐकत आणि चुका काढत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असं एक पगारी पद हवं, औषधांच्या कपाटात थायमिन आणि नाल्ट्रेक्सोन हवं, आणि दर आठवड्याला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञाशी फोनवर बोलण्याची ठरलेली वेळ हवी. जिल्ह्याच्या आराखड्यात हे पद पहिल्यांदा मुरुड तालुक्यासाठी मागता येईल, आणि त्यासाठी कुणा पिणाऱ्याच्या मनात काही येण्याची वाट पाहावी लागत नाही.